झाड क्रमांक सतरा

कोसरटोलीच्या कोष्टीपुऱ्यात खेमराजच्या घरावर निंबाची एक वाळकी फांदी आली होती, एवढीच मूळ गोष्ट. फांदी मांडीएवढी जाड, आणि ती नेमकी पुढच्या खोलीच्या कवेलूंच्या छपरावर लोंबत होती. त्या कवेलूंखाली खेमराजचा माग होता आणि मागावर आंधळगावच्या व्यापाऱ्याला अक्षय्यतृतीयेच्या आत द्यायची कोशाच्या रेशमाची साडी होती. वारा सुटला की वर करकर व्हायची आणि खाली खेमराजचा धोटा हातातच थांबायचा.

"कुऱ्हाड घ्या न उतरवा एकदाची," त्याची बायको कौशल्याबाई म्हणाली. "दहा मिनिटांचं काम हाये."

"दहा मिनिटांचं काम न दहा महिन्यांचा ताप. नंबर लागला हाये झाडाले."

हे मात्र खरं होतं. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या अंगात काय आलं कोण जाणे, तिने रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाला पांढरा पट्टा मारून नंबर टाकले. निंबाला आला सतरा. पंचायतीच्या परवानगीशिवाय कोणी झाडाला हात लावायचा नाही, अशी दवंडीही झाली. समोरच्या घरातला यादोराव सत्तरीचा विणकर, जन्मभर त्याच निंबाच्या काडीने दात घासलेला. त्याने दुसऱ्या दिवशी सवयीने काडी मोडली, तर पंचायतीचा चपराशी सेवकराम संध्याकाळी नोटीस घेऊन दारात हजर. तेव्हापासून यादोराव पेस्ट वापरतो आणि तोंड धुताना पंचायतीचा उद्धार करतो.

म्हणून खेमराज सरळ मार्गाने गेला, आणि सरळ मार्गाने जाणाऱ्याचं आपल्याकडे जे होतं ते त्याचं झालं.

ग्रामसेवक राजकुमार मंगळवारी आणि शुक्रवारी गावात येत. सरकारने त्यांच्या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं होतं, पण गावाला ते तोंडात बसलं नव्हतं. ते भंडाऱ्याहून मोटारसायकलवर यायचे. तीन मंगळवार आणि दोन शुक्रवार हुकल्यावर खेमराजला ते सापडले.

"सायेब, एक फांदी तोडाची परवानगी पायजे."

"फांदीचा अर्ज नाही," सेवकरामच कोपऱ्यातून म्हणाला. "झाड तोडाचा हाये."

"झाड नाही तोडाचं बाप्पा. त्या झाडाले आमचा ताणा बांधतेत."

खेमराज हे इतक्या घाईने म्हणाला त्याला कारण होतं. मागावर चढवण्याआधी साडीचं उभं सूत रस्त्यावर लांबच्या लांब ताणतात, त्याला खळ पाजतात आणि कुंच्याने सारखं करतात. त्यालाच ताणा म्हणतात. त्याचं एक टोक जमिनीतल्या खुंट्याला आणि दुसरं निंबाला. ऊन लागलं तर खळ कडक होऊन सूत तटातट तुटतं, म्हणून सावली पाहिजे. ताण सोसणारं खोड पाहिजे. कोष्टीपुऱ्यात आता चारच माग उरले होते आणि सावली न खोड दोन्ही देणारं झाड ते एकच होतं. ते गेलं तर चारही माग मोडीत निघाले असं समजायचं.

ग्रामसेवकांनी छापील फॉर्म काढला. झाडाचा क्रमांक, झाडाची जात, बुंध्याचा घेर, तोडण्याचे कारण. "फांदी म्हणून रकाना नाही ना, खेमराजभाऊ. कारणात लिहून देतो, वाळकी फांदी घरावर आली. समजणारे समजतात."

"समजतेत ना नक्की?"

"अहो, पंचायत आपलीच आहे."

खेमराजने सही केली. आपलीच पंचायत म्हटल्यावर सही करू नये, हे त्याला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

एरवी कोसरटोलीच्या पंचायतीत अर्ज मुरायला लोणच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. नाली साफ करा म्हणून यादोरावने दिलेला अर्ज तीन वर्षं मुरतो आहे. पण खेमराजचा अर्ज पंधरा दिवसांत मंजूर झाला. कारण असं की पंचायतीला कोष्टीपुऱ्यात सिमेंटचा रस्ता करायचा होता, त्या रस्त्याच्या आड सतरा नंबर येत होता, आणि झाड तोडायला नागरिकांची मागणी हवी होती. मागणी कुठून आणावी या विवंचनेत पंचायत असताना खेमराज स्वतःच्या पायाने चालत गेला होता.

सेवकरामने पत्र आणून दिलं. आपल्या मागणीनुसार झाड क्रमांक सतरा बुंध्यापासून तोडण्यास मंजुरी देण्यात येत असून काम एकतीस मार्चपूर्वी पूर्ण करण्यात येईल. खाली सरपंच शकुनबाईंची सही. खेमराजने पत्र दोनदा वाचलं आणि ओट्यावर बसला.

दुपारपर्यंत सगळ्या पुऱ्यात कळलं. यादोराव दारात येऊन उभा राहिला.

"तुनं देल्ला अर्ज?"

"फांदीचा देल्ला होता, काका."

"मंग झाड कायले तोडून राहिले?"

"फांदीचा फॉर्म नव्हता."

यादोरावने त्याच्याकडे असं पाहिलं की खेमराजला आपण जन्मभर शहाणे होतो का याचीच शंका आली. त्या दिवसापासून पुऱ्यातल्या बायका कौशल्याबाईशी बोलेनाशा झाल्या. ज्या घरातून रोज ताकाची वाटी यायची, तिथून वाटीही येईना. कौशल्याबाईने तो सगळा राग नवऱ्यावर काढला, आणि तो तिचा हक्कच होता.

"मी म्हणत होतो न, कुऱ्हाड घ्या. तुमाले मोठा कायदा पायजे होता. घ्या आता कायदा, न त्यालेच बांधा ताणा."

खेमराज अर्ज मागे घ्यायला गेला. या वेळी शकुनबाई खुर्चीत होत्या. बाई कामाला खमक्या, बोलायला त्याहून खमक्या.

"बाई, मले झाड नाही तोडाचं. अर्ज वापस द्या."

"भाऊ, तोडा म्हणून तुमीच म्हटलं. आता नोको म्हणता. पंचायत काय सोयरीक हाये का, आज जोडा न उद्या मोडा?"

"मी फांदी म्हटलं होतं."

"ठराव झाडाचा झाला. ठराव मोडाचा तर ग्रामसभा पायजे, न ग्रामसभा मे महिन्याच्या एक तारखेले."

"झाड तर मार्चमधी तुटन ना बाई."

"तेच म्हणतो मी. मंग ग्रामसभेत सांगा."

ग्रामसेवकांना मात्र त्याची थोडी दया आली. त्यांनी बाहेर येऊन सांगितलं की हरकत घेता येते, सात दिवसांत, पण अर्जदाराला नाही, दुसऱ्या कोणीतरी घ्यावी लागते. खेमराजने यादोरावचे पाय धरले. यादोराव पंचायतीविरुद्ध काहीही लिहायला बसलेलाच होता. त्याने दोन पानी हरकत लिहिली आणि तिच्यात नालीचाही विषय घातला.

शुक्रवारी सुनावणी झाली. टेबलाच्या एका बाजूला अर्जदार खेमराज, दुसऱ्या बाजूला हरकतदार यादोराव, मध्ये ग्रामसेवक.

"हरकतदार म्हणतात झाड तोडू नये," ग्रामसेवक म्हणाले. "अर्जदाराचं म्हणणं काय?"

"तोडूच नये, सायेब," खेमराज म्हणाला. "काका बरोबर सांगून राहिले."

"म्हणजे तुमचा त्यांना विरोध नाही?"

"बिलकुल नाही."

ग्रामसेवकांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं: उभय पक्षांत कोणताही वाद नसल्याचे दिसून आल्याने हरकत निकाली काढण्यात येत आहे व मूळ ठराव कायम करण्यात येत आहे.

यादोरावने खिशातली तंबाखू काढली, मळली, आणि न खाता फेकून दिली. बाहेर आल्यावर तो पहिल्यांदा खेमराजशी नीट बोलला. "तुही चूक नाही रे पोरा," तो म्हणाला. "या लोकायशी भांडून फायदा नाही न गोडीनं बोलून त्याहून नाही. आपण आपलं काम करू. ताणा लावू."

पंचवीस मार्चला सकाळी भंडाऱ्याहून करवतीची मशीन आणि तीन माणसं आली. निंबापासून खुंट्यापर्यंत रस्ताभर कोशाचं सूत ताणलेलं होतं आणि यादोराव शांतपणे कुंचा फिरवत होता. मशीनवाले थांबले. सेवकराम धावत गेला आणि ग्रामसेवकांना घेऊन आला, ग्रामसेवक शकुनबाईंना घेऊन आले.

"सोडा ते सूत," शकुनबाई म्हणाल्या.

"सोडतो बाई," यादोराव म्हणाला. "पण ओला ताणा सोडला तर तुटते. न हा तुमच्या रीनाच्या लग्नाच्या साडीचा हाये."

रीना ही शकुनबाईंची धाकटी मुलगी. तिचं लग्न मे महिन्यात होतं आणि साडी यादोरावकडे सांगितली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लग्नाच्या साडीचा ताणा तुटला तर काय म्हणतात तेही ठाऊक होतं. शकुनबाईंनी पुढे होऊन सुताला बोट लावून पाहिलं.

"वाळू द्या," त्या म्हणाल्या.

मशीनवाले निंबाच्या सावलीत झोपले. सव्वीसला खेमराजने ताणा लावला. सत्तावीसला तिसऱ्या घराने, अठ्ठावीसला चौथ्या घराने. कोणी विचारलं तर उत्तर एकच, रीनाच्या साडीचा. एका साडीला चार ताणे कशाला, हा प्रश्न शकुनबाईंच्या मनात आला असणारच, पण लेकीच्या लग्नाच्या तोंडावर अपशकुनाचं कोण बोलतं? एकोणतीसला पुन्हा यादोरावची पाळी आली, तेव्हा नवीन सूत उरलं नव्हतं. त्याच वाळलेल्या ताण्याला त्याने परत खळ पाजली. कौशल्याबाईने घरचा भात शिजवून खळीला दिला. ज्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या त्या आता तिच्याच चुलीपुढे बसून भात घोटत होत्या. तीसला मशीनवाले मशीन गाडीत टाकून निघून गेले. एकतीस मार्च आला आणि गेला.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी सेवकराम एक कागद आणि रंगाचा डबा घेऊन आला. आधी त्याने सतरा नंबरावर खाकी रंग मारला. मग कागद खेमराजपुढे धरला.

"सही करा."

खेमराजने वाचलं. झाड क्रमांक सतरा दिनांक एकतीस मार्च रोजी बुंध्यापासून तोडण्यात आले, अर्जदार कामाबाबत समाधानी आहे. सोबत एका खुंटाचा फोटो होता. तो खुंट शाळेमागच्या बाभळीचा आहे हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"सेवकराम, झाड उभं हाये ना रे बाबा."

"तुमाले दिसते. रजिस्टरात नाही दिसत. मार्चचं काम मार्चमधी दाखवा लागते."

"मी खोट्यावर सही नाही करत," खेमराज ताठ होऊन म्हणाला. इतक्या तापानंतरही त्याचा हा ताठा शिल्लक होता, यावरून कौशल्याबाईने काय काय सोसलं असेल याची कल्पना यावी. ती आतून आली. तिने कागद घेतला, बोटाने ओळ धरून नीट वाचला, आणि परत नवऱ्याच्या हातात दिला.

"करा सही," ती म्हणाली.

"अवं पण झाड..."

"करा म्हटलं न."

खेमराजने सही केली. सेवकराम गेला. कौशल्याबाईने आतून कुऱ्हाड आणि दोर आणला आणि दोन्ही नवऱ्यापुढे ठेवलं. खेमराज कुऱ्हाडीकडे पाहत राहिला, मग निंबाकडे, मग बायकोकडे, आणि मग त्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. नंबर नाही, रजिस्टरात नाही, म्हणजे झाडच नाही. मग नसलेल्या झाडाच्या फांदीला परवानगी कोण कोणाला मागणार?

तो वर चढला. यादोरावने खाली दोर धरला. अर्धी फांदी झाली असेल, तेवढ्यात गल्लीतून ग्रामसेवक राजकुमारांची मोटारसायकल आली आणि नेमकी सावलीत थांबली. त्यांनी मान वर केली.

"हे काय चाललं आहे? परवानगी घेतली का?"

"कोणत्या झाडाची, सायेब?" कौशल्याबाईने विचारलं.

ग्रामसेवकांनी तोंड उघडलं. खोडावरचा ताजा खाकी रंग पाहिला, तोंड मिटलं. मग गाडी सुरू करता करता, अगदी मनापासून काळजीने म्हणाले,

"खेमराजभाऊ, जरा बेतानं हं. पडले-बिडले तर पंचनाम्यात मी काय लिहू, कशावरून पडले?"