प्रयागआत्यांची रविवारची फेरी

आमच्या हर्सूलच्या कॉलनीत एका बाळाचं बारसं दोन मिनिटं अडलं होतं, कारण आत्यांचा टर्बो तापला होता.

पाळणा सजला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या आणि उत्सवमूर्ती भुकेनं रडून लाल झाली होती. कानात कुर्र करून नाव सांगायचं ते आत्यानं. बाळाची सख्खी आत्या परदेशात, म्हणून अख्ख्या कॉलनीच्या आत्या असलेल्या प्रयागआत्यांना बोलावणं गेलं होतं. त्या आल्याही अगदी वेळेवर. त्यांची पिवळीधम्मक, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार गुरगुरत फाटकाशी उभी राहिली, पण आत्या काही उतरेनात. बाळाची आजी धावत गेली. आत्यांनी काच दोन बोटं खाली केली.

"दोन मिन्टं थांबा. टर्बो लई तापलाय. पळून आलेल्या माणसाला आपण लगेच झोपवतो का? दम खाऊ द्या त्याला."

टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर गरगर फिरून इंजिनाला जादा हवा फुंकणारा पंखा. गाडी जोरात पळवून एकदम बंद केली तर तो भाजून निघतो, म्हणून इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं असतं. हे ज्ञान आमच्या कॉलनीत आज शेंबड्या पोराला आहे, आणि ते सगळं आत्यांच्या कृपेनं. लग्न असो, मयत असो, आत्या दोन मिनिटं गाडीत बसून राहणार. मयतीला आलेले लोक आधी हळहळतात आणि मग घड्याळाकडे बघतात.

प्रयागआत्यांचं वय सहासष्ट. जन्म करमाडच्या शेतकरी घरात, नोकरी मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात. मिस्टर लवकर गेले, मूलबाळ नाही. पायात कॅनव्हासचे बूट, अंगावर इस्त्रीची सुती साडी आणि पदर सीटबेल्टखाली घट्ट खोचलेला. मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि माझी गाडी साठच्या वर गेली की मला कुलदैवत आठवतं. आत्या मला "मास्तर" म्हणतात, आणि तो काही गौरव नसतो.

या गाडीवरून त्यांना छेडणाऱ्यांची शहरात कमतरता नाही. सिग्नलला एका बुलेटवाल्यानं विचारलं, "काकू, मुलाची गाडी का?" आत्या म्हणाल्या, "मुलगा नाय मला. असता तरी हात लावू दिला नसता." आमच्या सोसायटीच्या चेअरमननी एकदा हळूच सुचवलं की या वयात माणसानं तीर्थयात्रा करावी. "मग जाते की! सकाळी निघते, संध्याकाळी आरतीला परत. तुम्ही येता का?" चेअरमन त्यानंतर आठवडाभर पाठीमागच्या गेटनं ये-जा करत होते.

पण सगळ्यात जास्त राग त्यांना गाडी ऑटोमॅटिक आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा. "क्लच नाही? म्हणजे गाडीच चालवते, तुम्ही नुसत्या बसता!" असं माझे मेहुणे म्हणाले. आत्यांनी त्यांना शेजारी बसवलं आणि जळगाव रोडला लागल्यावर उजवा पाय दाबला. मेहुणे उतरले तेव्हा त्यांनी आधी पाणी मागितलं. "आठ गिअर हायेत," आत्या त्यांना समजावत होत्या, "आणि सांगायच्या आत पडतात. तुमच्या घरात कोण ऐकतं तुमचं इतकं?" मेहुण्यांचं कोणीच ऐकत नाही, हे खरंच आहे.

गाडी घेतली पुण्याच्या एका माणसाकडून, वापरलेली. घेतल्या घेतल्या त्या ती छावणीतल्या शकीलभाईंच्या गॅरेजात घेऊन गेल्या. शकीलभाई लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली खुपसून इंजिन ट्यून करतात. टर्बोनं किती दाबानं हवा फुंकायची, पेट्रोल किती सुटायचं, गिअर कधी बदलायचा, सगळं त्या पडद्यावर. आत्यांनी त्यांच्या आलेखाची छापील प्रत मागून घेतली आणि पर्समधून लाल पेन काढलं.

"इथं इंजिनाच्या तीन हजार फेऱ्यांना रेघेत खड्डा का पडला? पायऱ्या दाखव."

"आपा," शकीलभाई हात जोडून म्हणाले, "पच्चीस बरस से गाडियां बना रहा हूं, आज तक पेपर नै जांचा किसी ने!"

तरी दोघांचं मेतकूट जमलं. आत्यांना दाब वाढवून हवा असायचा, शकीलभाई "नक्को आपा, गिअरबॉक्स रो देगा" म्हणायचे, आणि शेवटी आकडा मधोमध ठरायचा. मे महिन्यात गरम हवेनं गाडी मंदावते म्हणून आत्या चाचणीला पहाटे सहाला निघत. कॉलनीतल्या कुणाला त्या काळात गजर लावावा लागला नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या गॅरेजात कळली आणि ती मी विसरलो नाही. असले गिअरबॉक्स चालवणाऱ्याच्या सवयी शिकून घेतात म्हणे. पुण्याचा मालक बिचकत चालवणारा असावा, कारण गाडी प्रत्येक गिअर टाकताना दोनदा विचार करायची. आत्या शकीलभाईंना म्हणाल्या, "त्याच्या समद्या सवयी पुसून टाक. कोरी पाटी कर. मी बी लई वर्षं दुसऱ्याच्या सवयीनं चालले. आता हिनं माझ्या शिकायच्या."

हे बोलताना त्या हसल्या नाहीत.

आमच्याकडे वडील गेले की बहिणींनी शेतीवरचा हक्क सोडून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात भावानं साडीचोळी करायची, अशी रीत आहे. कागदाला हक्कसोड म्हणतात. बहीण मुकाट्यानं सही करते, जेवते आणि डोळे पुसत सासरी जाते. प्रयागआत्यांच्या वडिलांनंतर धाकट्या भावानं, अंबादासरावांनी, कागद पुढे केला. आत्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, साडी आवडल्याचं सांगितलं, आणि सही केली नाही. "माझं माहेर मला हवंच हाय. पर शेत बी माझ्या बापाचंच हाय ना?" वाटणीला आलेला तुकडा त्यांनी विकला आणि ही पिवळी गाडी घेतली. अंबादासराव भर पंगतीत म्हणाले, "अक्का, आजपासून तुझी वाट येगळी." त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून भाऊबीज नाही, फोन नाही. ज्या भावाला त्यांनी लहानपणी कडेवर घेऊन शाळेत नेलं होतं, तो नाव काढेना.

आत्यांनी यावर उपाय शोधला तो त्यांच्या स्वभावाला धरूनच. दर रविवारी अकराला त्या जालना रोडनं करमाडला जातात, गावात शिरतात, भावाच्या दारावरून गाडी दणक्यात काढतात आणि परत येतात. आत जायचं नाही, थांबायचं नाही. "ऐकू दे त्याला," त्या म्हणत, "हिश्श्याचा आवाज कसा असतो ते." मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. पण भाऊ ओट्यावरून एकदा तरी मान वर करून बघेल, एवढ्याचसाठी त्या जातात, हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना कळत होतं. तो कधी बघत नसे.

यंदा आत्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि महिनाभर गाडी बंद केली. पहिला रविवार त्यांनी घरात येरझाऱ्या घालून काढला. दुसऱ्या रविवारी दहा वाजता माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि गाडीची चावी माझ्या हातात कोंबली.

"गिअरबॉक्सचं ऑइल बदललंय. चालवून बघावं लागंल."

"आत्या, मला ऑटोमॅटिक येत नाही."

"त्यात येण्यासारखं काय हाय? उजवा पाय कामाला. डाव्याला रिटायर करा. डाव्यानं काही करायचं नाय, मास्तर, नुसतं बसायचं. तुम्हाला जमंल."

जालना रोडला मी पन्नासनं चाललो. शेजारी आत्या काळ्या चष्म्यात ताठ बसून मला ओव्हरटेक करणाऱ्या रिक्षा मोजत होत्या. शेंद्रा गेलं, करमाड आलं, आत्यांचं रिक्षा मोजणं थांबलं. गावातल्या गल्लीत वळल्यावर त्या एकदम पुढे झुकल्या.

"आता दाबा. थोडी दाबा. त्या चिंचेपुढचं घर."

मी दाबली. गाडीनं अशी काही उडी घेतली की माझ्या तोंडून कुलदैवताचं नावसुद्धा निघालं नाही.

"ब्रेकर! मास्तर, ब्रेकर! ह्यो कवा घातला मेल्यानं, माझ्या गाडीचं पोट घासाया!"

घरासमोरच रस्त्यावर सिमेंटचा ओबडधोबड उंचवटा होता. माझा उजवा पाय ब्रेकवर गेला आणि तीस वर्षांच्या सवयीनं डावा पाय क्लचवर. या गाडीत क्लचच्या जागेपर्यंत पसरलेला असतो तोही ब्रेकच. दोन्ही पाय एकाच ब्रेकवर पडले आणि गाडी जागच्या जागी गच्चकन थांबली. आत्यांचं कपाळ समोर आदळायचं ते पट्ट्यानं वाचलं. चार वर्षांत पहिल्यांदा ती पिवळी गाडी अंबादासरावांच्या दारात उभी होती, आणि ती माझ्या डाव्या पायानं उभी केली होती.

ओट्यावरच्या खुर्चीतून धोतरातला म्हातारा उठला आणि अनवाणीच धावत आला.

"अक्का! लागलं का?"

"नाय."

मी स्टिअरिंगकडे बघत बसलो. अंबादासराव काचेवर हात ठेवून काळ्या चष्म्याकडे बघत होते.

"डोळ्याला काय झालं?"

"मोतीबिंदू."

"म्हनून मागच्या रविवारी आली नाय?"

आत्यांनी मान फिरवली. तेवढ्यात त्यांची भावजय शांताबाई पदर सावरत बाहेर आल्या, आणि त्यांनी नवऱ्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. "वन्सं, काय सांगू! आवाज आला की हे चष्मा शोधत्यात, अन् तो सापडेस्तोवर तुम्ही पार! मग दिवसभर माझ्यावर चिडचिड. शेवटी सोताच्या हातानं शिमिट कालवून ह्यो ब्रेकर घातला. म्हनले, आता तरी हळू जाईल, दिसंल तरी."

अंबादासराव बायकोवर खेकसले, "तू गप गं!"

मला वाटलं, आता आत्या रडतील. त्या माझ्याहून फार खंबीर आहेत, हे मी विसरलो होतो.

"ब्रेकर काढून टाक," त्या म्हणाल्या. "गाडीला घासंल."

"नाय काढनार."

"मग मी बी सही नाय करणार."

"सही कोन मागतंय? कागद कवाच फाडलाय. उतर खाली, भाकऱ्या झाल्यात."

त्या गाडीचा स्क्रू न स्क्रू आत्यांना पाठ आहे. तरी दाराचं हँडल त्यांना सापडेना. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं आणि हात दारावर नुसता चाचपडत होता. मी मदतीला वाकलो, पण त्याआधीच अंबादासरावांनी बाहेरून दार उघडलं होतं.