थांबायचं कुणी?

कर्टिसने 'थांबा'चं बटण दाबलं आणि घुमटावरचा चंद्र तेवढा थांबला. बाकीचं आकाश मजेत फिरत राहिलं.

सुपीरियर सरोवराकाठच्या त्या गावातल्या तारांगणात त्याच्या प्रोग्रॅमचा हा पहिलाच खेळ होता. जुनं यंत्र ठेवायचं की कर्टिसचा प्रोग्रॅम, हे अध्यक्ष ऑर्विल टोरगर्सन आजच ठरवणार होते आणि ते पहिल्या रांगेत मान मागे टाकून बसले होते. प्रोग्रॅममध्ये सात थ्रेड होते, म्हणजे एकाच वेळी आपापलं काम करणारे सात गडी. कुणी चंद्र सांभाळायचा, कुणी तारे, कुणी संगीत. थांबायचा निरोप ज्याच्या हाती पडेल त्याने आधी रोजनिशीत नोंद करायची, मग सगळ्यांना थांबवायचं. रोजनिशी मात्र एकच, एका वेळी एकाच्याच हाती.

"व्हर्ना, हे काय झालं हो?" कर्टिस कुजबुजला.

चाळीस वर्षं कॉम्प्युटरशी झगडून निवृत्त झालेली व्हर्ना लिंडक्विस्ट आता इथे हौसेने तिकिटं फाडायची. "निरोप चंद्राला मिळाला, आणि नेमकी तेव्हा रोजनिशी त्याच्याच हातात, दुसरीच नोंद अर्धवट. ती मोकळी झाल्याशिवाय नवी नोंद नाही, म्हणून आता बसलाय स्वतःचीच वाट बघत."

"मग परत दाबतो."

"अरे, नको!"

तोवर दाबून झालं होतं. या खेपेला निरोप संगीताला मिळाला. तोही रोजनिशीसाठी चंद्रामागे रांगेत उभा राहिला आणि व्हायोलिन एकाच सुरावर अडकलं. तिसऱ्या खेपेला दिवेवाला अडकला, म्हणजे उजेड करायचीही सोय उरली नाही. चौथ्या खेपेला ताऱ्यांचा वेग आवरणारा अडकला.

मग तारे सुटले. डोक्यावरून रात्रींमागून रात्री जाऊ लागल्या, शतकं, मग हजारो वर्षं जाऊ लागली. ध्रुवतारा आपली जागा सोडून निघाला, सप्तर्षींचा आकार विस्कटला, आणि तो एक सूर तसाच लांबत राहिला. खोकणारे खोकायचे थांबले. हे सगळं आपण लिहिलंय, यावर कर्टिसचा विश्वास बसेना.

"वायर काढू?"

"काढशील रे. जरा बघू दे मला," व्हर्ना मान वर करूनच म्हणाली.

अखेर वायर तिनेच काढली. मग दार उघडून बाहेरचा उजेड आत घेतला.

"जुनं यंत्र उद्याच हलवा," डोळे पुसत टोरगर्सन म्हणाले. "पण कर्टिस, शेवट दर शनिवारी हाच हवा. हा नसेल तर जुनं यंत्रच बरं."

कर्टिस व्हर्नाकडे धावला. "व्हर्ना, निरोप कुणाला मिळेल याचा काही नेमच नसतो हो! परत तसंच घडवू कसं?"

"दाबत राहा. मिळेल कधीतरी चंद्राला, रोजनिशी हातात असताना."

आठवडाभर तो दाबत राहिला. शनिवारी अख्खं गाव माना वर करून बसलं. कर्टिसने मनोभावे बटण दाबलं. चंद्र, तारे, संगीत, सगळं पहिल्या फटक्यात, अगदी शहाण्यासारखं थांबलं. दिवेसुद्धा लागले.

"थांबला मेला!" कर्टिसने कपाळावर हात मारला.