आबांचा श्रावण आणि बाबलची गोळी

श्रावण लागला त्या सकाळी आबांनी चटणी हुंगली. "हेका सुकटीचो वास येता," ते म्हणाले. चटणी खोबऱ्याची होती. तरी त्यांनी ती परसात फेकली आणि कावळा ती खाईना म्हणून कावळ्यावरही ओरडले.

मिठबावात आबांच्या रागावर लोक घड्याळ लावत. सकाळी एसटीवर, दुपारी आमटीवर, संध्याकाळी मोबाईलच्या रेंजवर. कंबरेपासून डाव्या पायात कळ गेली की समुद्रावरसुद्धा.

सून सारिका हे सोसत आली होती, पण आता तिची अडचण वेगळी होती. घरातल्या बाबल बोक्याला आकडी येई. ओरोसच्या प्राण्यांच्या डॉक्टर नम्रता मॅडमनी रोज संध्याकाळी एक गोळी द्यायला सांगितली होती, एकही न चुकवता. बाबल ती फक्त भाजलेल्या सुक्या बांगड्यातून खाई. गुळात दिलेली गोळी त्याने सारिकाच्या नवऱ्याच्या, धनेशच्या, चपलेत नेऊन ठेवली होती.

"बोक्याक कसलो श्रावण, आबानू?"

"तो ह्या घरातलो बोको आसा. मासो माझ्या उंबऱ्याच्या भायर."

"मग तेका भायर खावक घालूया," धनेश म्हणाला. लग्नानंतरचा त्याचा हा पहिला उपयोगी विचार.

सारिका परसातल्या न्हाणीच्या चुलीत बांगडा भाजू लागली आणि आत गोळी दडवून तो करवंटीत वेलाच्या मांडवाखाली ठेवू लागली. कोणी बघत असलं की बाबल तोंड लावत नसे, म्हणून ती निघून येई. थोड्या वेळाने करवंटी चाटूनपुसून साफ असे.

आठवडाभरात आबा बिघडले.

"आमटी बरी झाली गो," ते म्हणाले आणि सारिकाच्या हातातून डाव पडला. एसटी चुकली तर म्हणाले, "येतली दुसरी." शेजारचा परशुराम म्हणाला, "रोज पोथी वाचतास, तेचो गुण." आबांनी मान डोलावली, आणि डोलावता डोलावता झोपले.

त्याच संध्याकाळी बाबलला जोराची आकडी आली. त्याच्या तोंडाचा फेस पदराने पुसतच सारिकाने फोन लावला.

"गोळी चुकवलीत," मॅडम कडाडल्या.

"एक पण चुकवूक नाय."

"मग ती त्याच्या पोटात जात नाहीये. लक्ष ठेवा. असंच चाललं तर मरेल तो."

दुसऱ्या दिवशी सारिका नारळाच्या सोडणांच्या ढिगाआड दबा धरून बसली. आधी बाबल आला. मग एक हात आला. हाताने बाबलला मानगुटीला धरून अलगद बाजूला ठेवलं आणि बांगडा उचलला.

"आबानू."

आबा चावत राहिले. तोंडात असलेली गोष्ट नाकारणं अवघड होतं.

"मी उंबऱ्याच्या भायर आसंय," ते शेवटी म्हणाले.

"माझी खोबऱ्याची चटणी फेकलात," सारिका म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. "पोथयेचो गुण म्हणान परशुरामापुढे मान डोलावलात. आणि ह्या मुक्या जनावराचा औषध खाल्लात. काल मरतलो होतो तो."

"रागाव गो," आबा शांतपणे म्हणाले. "माका आता राग येणा नाय. पाय पण दुखणा नाय."

मॅडम फोनवर आधी पोटभर ओरडल्या. मग म्हणाल्या, की ही गोळी शिरांच्या दुखण्यावरही देतात, पण माणसाला माणसांच्या डॉक्टरकडे न्या. धनेशने नेलं. कंबरेत शीर दबली होती. डॉक्टरांनी आबांना तीच गोळी लिहून दिली, माणसाच्या मापाची. आपण इतकी वर्षं एका शिरेशी भांडत होतो, हे ऐकून सारिकाचं डोकं आणखी फिरलं.

संध्याकाळी तिने आबांपुढे गोळी आणि पाण्याचा पेला ठेवला. आबांनी पेला बाजूला सारला.

"नुसती?"

"मग?"

"बाबल नुसती खाता?"

आता न्हाणीच्या चुलीत दोन बांगडे भाजले जातात आणि दोन करवंट्या मांडवाखाली जातात. मधे काठी घेऊन सारिका उभी असते. हल्ली राग तिला येतो. पण कोणी बघत असलं की दोघंही तोंड लावत नाहीत, म्हणून ती दोघांकडे पाठ करून उभी असते.