नेलपॉलिशच्या शेजारी

बुवापाड्यातल्या पाठारेकाकांकडे चहाला गेलं, की कप खाली ठेवायच्या आत ते विचारत, "शेजारी काय आहे?" शेजारी बिस्किटांची बशी असली, तरी वाकून खात्री करून घेत.

काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते. कुठल्या पिंपाशेजारी कुठली गोणी ठेवायची नाही, याची वही त्यांनी स्वतः लिहून काढली होती. "एस्टर म्हणजे फळाच्या वासाचं गोड प्रकरण," ते सांगत. "पण नायट्रेटशेजारी ठेवलं आणि ठिणगी पडली, की वॉचमनसकट सगळे ढगात."

नेलपॉलिशमध्येही एस्टरच असतं. म्हणून लेकीच्या, सुनंदाच्या, बाटल्या गॅलरीत पत्र्याच्या डब्यात राहायच्या आणि ब्लीचिंग पावडर पार दुसऱ्या टोकाला, मोरीत. काकू गेल्यापासून घरात हे दोघंच. तरी एक बाटली हलली, की चौकशी बसे.

पुढे सुनंदाने पार्लर काढलं आणि कॅम्प तीन या सिंधी वस्तीतल्या जीन्सवाल्या मोहनशी लग्न ठरवलं. काका नाही म्हणाले. मुलगा सिंधी, म्हणजे कारण उघडच, असं आमच्या चाळीने ठरवून टाकलं आणि मला समजवायला पाठवलं. मी जातिभेदावर चांगलं भाषण पाठ करून गेलो.

"सिंधी असू दे रे," काका म्हणाले. "तो जीन्स कशाने फिकी करतो, विचारलंस? पोटॅशियम परमँगनेटने. तेही नायट्रेटसारखंच, आग भडकवणारं. पोतंभर माल घरातच, माळ्यावर. आणि ही नेलपॉलिश रिमूव्हरचे कॅन घेऊन तिथे नांदणार. पेटलं तर माझी पोर कुठे शोधू मी?"

माझं भाषण वाया गेलं.

मोहनला बोलावलं. त्याने वही शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "काका, आप बोलो किधर रखनेका, उधरच रखेगा."

काका विरघळले. परमँगनेटसाठी त्यांनी वेगळा गाळा शोधला, कुलूप स्वतः लावलं. लग्नात आहेर म्हणून वाळूच्या दोन लाल बादल्या दिल्या. सिंधी मंडळींनी आमची रीत समजून बादल्यांना हळदकुंकू वाहिलं.

पंधरा दिवसांनी मी सहज गेलो. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. शेजारी तो पत्र्याचा डबा उघडा, तळाशी सुनंदाची विसरलेली एक बाटली.

"टाकून देऊ का?" मी विचारलं.

"राहू दे. वहीत बघितलं मी," ते म्हणाले. "हिच्याशेजारी माणूस चालतो."

मी आतून दुसरी खुर्ची आणली आणि डब्याच्या या बाजूला बसलो.