माझा सा आणि घरचा कूलर

माझा सा पक्का आहे! हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही, गाणं शिकवणाऱ्या कुसुमताई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. 'मोठ्यांसाठी उन्हाळी संगीत शिबिर, पंधरा दिवस, वयाची अट नाही' या पाटीखाली आम्ही बावीस जण जमलो होतो. त्यात तिसऱ्याच दिवशी सा लागलेला मी एकटा! बाकीचे अजून घसाच खाकरत होते.

आता छप्पन्नाव्या वर्षी मला गाणं काय म्हणून सुचलं, ते सांगायला हवं. मार्चमध्ये आमच्या मुग्धाला पाहायला खापा गावचे महादेवराव सहकुटुंब आले. मुलगा चांगला, माणसं चांगली, पण घर गाणाऱ्यांचं! महादेवराव गातात, त्यांची बायको गाते, दोन्ही मुलगे गातात आणि एक आत्या आहे, ती तर कोणी म्हटलं नाही तरी गाते. पोहे संपले आणि महादेवरावांनी विचारलं, "पोरगी गाते का?"

मुग्धा गप्प. तिची आई गप्प. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. मला ती शांतता सहन होईना.

"मुलगी नाही गात," मी म्हणालो, "पण मी गातो ना!"

प्रमोदिनीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातला चहाचा ट्रे एका बाजूला कलला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण तिने माझ्या तोंडून गणपतीची आरतीही शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती.

"वा! मग एखादं होऊन जाऊ द्या!" महादेवराव मांडी ठोकून म्हणाले.

"सध्या घसा बसलाय. मेमध्ये कार्यक्रम आहे माझा. तुम्ही सगळे याच!"

दुसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला. घरात पेढे आले. मुग्धाने मात्र पेढ्याला हात लावला नाही.

"बाबा, तुम्ही खोटं काहून बोलले?" तिने विचारलं. "त्या घरी मले राहायचं आहे, तुम्हाले नाही. उद्या हे उघडं पडलं तर पहिल्या दिवसापासून मी थापाड्याची पोरगी!"

तिचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. बोललेलं परत घेता येत नव्हतं, तेव्हा ते खरं करून दाखवणं एवढंच हातात होतं. मी त्याच आठवड्यात शिबिरात नाव घातलं.

नागपुरात मे महिन्यात कोणत्याही खोलीत शिरलेला माणूस आधी कूलर कुठे आहे ते बघतो, मग यजमान कुठे आहेत ते. शिबिराच्या हॉलमध्ये लोखंडी पत्र्याचा, कपाटाएवढा एकच कूलर होता. बाकीच्यांनी आत येऊन कुसुमताईंना नमस्कार केला, तेवढ्यात मी कूलरसमोरची जागा धरली! रुमाल टाकला, पाण्याची बाटली ठेवली, चष्म्याचं घर ठेवलं. पंधरा दिवस ती जागा मी कोणाला दिली नाही. कांताबाई नावाच्या एक बाई पेटी शिकायला यायच्या, त्या रोज माझ्याकडे बघून पदराने वारा घ्यायच्या. मी डोळे मिटून सा लावायचो.

आणि सा लागायचा! त्या कूलरचा एक संथ, जाड आवाज होता. हूंऽऽऽ! मी तोंड उघडलं की माझा आवाज आपोआप तिथे जाऊन बसायचा.

"कृष्णकांतजींकडे बघा," कुसुमताई म्हणाल्या. "सा हलत नाही त्यांचा!"

मी त्याच दिवशी महादेवरावांना फोन केला. "एकतीस तारखेला समारोप आहे. सगळ्यांना घेऊन या. आत्यांनाही आणा!"

बाराव्या दिवशी वीज गेली.

मी भूप रागातली बंदिश म्हणत होतो. दिवे गेले, पंखे थांबले, कूलर थांबला. मी गातच राहिलो. दोन ओळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघताहेत.

"कृष्णकांतजी," कुसुमताईंनी हळूच विचारलं, "तुम्ही कुठे निघालात?"

मला तरी कुठे माहीत होतं! एक सूर खाली, दुसरा माळ्यावर. कांताबाईंचा पदर थांबला. मी पुन्हा सा लावायला गेलो तर भलताच सूर आला, मग त्याच्या शेजारचा आला, मग खोकला आला. वीज आली, कूलर हूं करून सुरू झाला आणि माझा सा जागच्या जागी परत आला!

हे सगळं नागसेनने बघितलं. नागसेन तंत्रनिकेतनात मुलांना वीज शिकवतो आणि शिबिरात स्वतः तबला शिकतो. वर्ग सुटल्यावर त्याने मला पायऱ्यांवर गाठलं.

"भाऊ, एक सांगू का? रागावजा नका. तुम्ही तानपुऱ्यावर नाही, कूलरवर गाऊन राहिले!"

"काहीतरीच काय!"

"खरं सांगून राहिलो. ताईंचा तानपुरा कूलरच्याच सुरात जुळून गेला होता, म्हणून इतके दिवस खपलं. तुम्हाले तानपुरा ऐकूच नाही आला कधी."

मी बोटांवर दिवस मोजले. समारोपाला तीन दिवस! समारोप धंतोलीतल्या सभागृहात, आणि तिथे एसी. न आवाज, न हूं! खाप्याहून पाच माणसं येणार. आणि मुग्धा! तिचं ते 'थापाड्याची पोरगी' पुन्हा कानात वाजायला लागलं.

"तुमच्या घरी कूलर आहे ना?" नागसेनने विचारलं.

त्या संध्याकाळी तो मोबाइलवर तानपुरा लावून आमच्या कूलरपुढे अर्धा तास बसला. एक नंबरवर कूलर फार खाली होता. तीनवर फार वर. दोन नंबरवर अगदी माझा सा! मला इतका आनंद झाला की मी कूलरला हात जोडले. प्रमोदिनी दारातून बघत होती. तिला काही सांगायची माझी छाती झाली नाही. "मशीन बघून राहिलो," एवढंच म्हणालो.

एकतीस तारीख. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, ऐन रंगात, पारा पंचेचाळीसवर! मालवाहू ऑटोत आमचा कूलर उभा, त्याला धरून मी झब्ब्यात उभा. सभागृहाच्या व्यवस्थापकांना मी सांगितलं, "मला एसी सोसत नाही. हाडं धरतात." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर खाली घातली. पण कूलर आत गेला. पडद्याआड ठेवला, दोन बादल्या पाणी ओतलं, खटका दोन नंबरवर. प्रमोदिनीला मी त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसवलं, कारण भरवशाचं माणूस तेवढं एकच होतं.

पहिल्या रांगेत महादेवराव, त्यांच्या शेजारी आत्या आणि कोपऱ्यात हाताची बोटं मोडत मुग्धा. कुसुमताई पेटीवर, नागसेन तबल्यावर. मी डोळे मिटले. पडद्याआडून हूंऽऽऽ आलं आणि मी सा लावला.

लागला! खणखणीत लागला! अस्थाई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, झाली. महादेवरावांची मान डोलली. आत्यांनी मांडीवर ताल धरला. मुग्धाची बोटं थांबली. माझ्या मनात आलं, की आपण आयुष्याची तीस वर्षं सरकारी फायलींत उगाच घालवली.

एवढ्यात प्रमोदिनीला माझी दया आली.

मला घाम फुटलेला तिने बघितला आणि बिचारीने प्रेमाने कूलर तीनवर केला. हूंचं हीं झालं! त्याबरोबर मीही वर गेलो, करणार काय? कुसुमताई पेटीवर माझा नवा सूर शोधायला लागल्या. काळ्या पट्ट्या झाल्या, पांढऱ्या झाल्या. नागसेन तबला वाजवता वाजवता डोळ्यांनी मला खाली बोलावत होता. मी हात लांब करून पडद्याकडे खूण केली: खाली कर, खाली!

"वा! काय हात फिरवला!" आत्या ओरडल्या.

प्रमोदिनीला त्या खुणेचा अर्थ एवढाच कळला, की यांना गार हवा नको झाली. तिने कूलर बंद केला.

सगळं शांत. सभागृहात तीनशे माणसं, आणि माझ्याकडे एकही सूर नाही. मी आ वासून उभा राहिलो. आत काही उरलंच नव्हतं, तर बाहेर काय येणार! आधाराला मी पडदा धरला.

"अगं बाई, यांना ऊन लागलं!" प्रमोदिनी किंचाळत मंचावर आली.

मग काय विचारता! आमच्या गावात ऊन लागलेल्या माणसाचं काय करायचं, हे प्रत्येकाला पाठ असतं. ऊन बाधू नये म्हणून ठेवलेला कांदा नागसेनच्या खिशातून निघाला. व्यवस्थापकांच्या खिशातून दुसरा निघाला. मला आडवं केलं, कांदा फोडून तळपायांना चोळला, नाकाशी धरला. कांताबाईंनी घरून आणलेलं कैरीचं पन्हं पाजलं, आणि पंधरा दिवसांनी का होईना, पदराचा वारा माझ्याकडे वळवला. मी डोळे उघडलेच नाहीत. खरं सांगतो, आयुष्यात एवढं सुटल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. आता कोणीही मला गा म्हणणार नव्हतं!

गाण्याचा पुढचा कार्यक्रम सुरू झाला आणि मला मागच्या खोलीत नेलं. डोळे किलकिले केले तर माझं डोकं मुग्धाच्या मांडीवर होतं. तिचा चेहरा पांढरा पडलेला. ती माझ्या कपाळावरचा हात काढत नव्हती. मार्चमध्ये एकदा रडवलं, आता पुन्हा रडवत होतो! मला राहवेना. मी उठून बसलो.

"महादेवराव," मी म्हणालो. ते समोरच उभे होते. "मला काही झालेलं नाही. ऊनबीन लागलं नाही. मला गाता येत नाही. मी तुमच्यासमोर थाप मारली. पोरीचा यात काही दोष नाही, तिने तर दुसऱ्याच दिवशी मला जाब विचारला होता."

कूलरचंही सांगून टाकलं. एक नंबर, दोन नंबर, सगळं. प्रमोदिनीने कपाळाला हात लावला.

महादेवरावांनी दार लोटलं, आत्या बाहेर आहेत ना बघितलं आणि माझ्याजवळ खुर्ची ओढली.

"सुटलो बाप्पा, व्याही!" ते म्हणाले. "मले तर दोन महिने झोप नाही. आमच्या घरी पाच गाणारे. रोज भांडण, कोण आधी गाईन! ऐकणारा एक माणूस नाही. पोरगी गात नाही म्हणून तर आम्ही तिले पसंत केलं! मंग तुम्ही म्हणाले, मी गातो. म्हटलं, झालं, आता व्याह्याचंही ऐका!"

मुग्धा आधी हसली, मग रडली, मग दोन्ही करायला लागली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा नुसते गप्प बसले असते ना!"

लग्न दिवाळीनंतर आहे. माझ्याबद्दल खाप्याला आता कोणाचा गैरसमज नाही, उलट मान फार वाढला आहे. दर रविवारी सकाळी महादेवराव पेटी घेऊन आमच्याकडे येतात आणि दोन तास मनसोक्त गातात. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच न उठणारा श्रोता मिळाला आहे. मी समोर बसतो, मान डोलावतो, मधूनमधून वा म्हणतो. माझ्या पाठीशी आमचा कूलर असतो, तीन नंबरवर. त्या घरघरीत मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

परवा प्रमोदिनी म्हणाली, "अहो, जुलै लागला. आता कूलर उचलून माळ्यावर ठेवा."

"राहू दे ना," मी म्हणालो. "लग्नापर्यंत तरी राहू दे!"