भूकंपाचा दाखला

“मला भूकंप म्हणून लिहा, एवढंच तर मागतोय,” बत्तीस वर्षांपूर्वीचा अणुस्फोट तिसऱ्यांदा म्हणाला आणि खुर्चीत टेकला. टेबलावरचे कप, पेनं, चष्म्याचं घर, सगळं त्याच्यापासून दूर सरकलं आणि पलीकडच्या पट्टीला जाऊन अडलं. ती लाकडी पट्टी कार्यालयाने त्याच्या दरवर्षीच्या फेरीसाठीच ठोकून घेतली होती.

“नाही लिहिणार,” कुमुदिनी रेगे म्हणाल्या. “तू झालास तेव्हा ड्यूटीवर मी होते. तू कोण ते मला सांगू नकोस.”

माळावरच्या या वेधशाळेत बाईंची हयात जमिनीचे हादरे ऐकण्यात गेली. भौतिकशास्त्राची पदवी रीतसर घेतलेली. गणित मात्र स्वतःचं स्वतः शिकलेलं, म्हणून त्याचा तोरा जास्त. कुठला हादरा पृथ्वीचा आणि कुठला माणसांनी चोरून केलेला, हे ओळखणारं त्यांचं सूत्र याच स्फोटावर उभं होतं. तो भूकंप ठरला की सूत्र आडवं, आणि सूत्राबरोबर बाईंचा सगळा जन्म. शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या.

संचालक नाडगौडा मधे पडले. “बाई, पुढच्या महिन्यात भूकंपांचा मेळावा आहे. दाखला नाही म्हणून यांना दारातूनच परत पाठवतात. माणुसकी म्हणून तरी बघा.”

“माणुसकी? याच्या बाबतीत?”

“आत पंगत बसते,” स्फोट म्हणाला. त्याने आवाज जपून लावला, तरी तावदानं वाजलीच. “त्यांच्यामागून झालेले धाकटे धक्के पानांभोवती हुंदडत असतात. माझ्यामागे कोणी नाही, बाई. बरं, जोरात मी कुठे कमी होतो?”

“जोराचं कोण बोलतंय?”

“मग कमी काय पडलं? सूत्र नका सांगू, ते मला कळत नाही.”

ते संचालकांनाही कळत नव्हतं. फक्त त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बाई जरा नरमल्या.

“भूकंप पहिल्याच क्षणी काही गावांना ढकलतो आणि काहींना आपल्याकडे ओढतो. तुझ्या वेळी मी जगभरची यंत्रं तपासली. जिथे बघावं तिथे ढकललेलंच.”

“एखादं गाव नजरचुकीने राहिलं असेल.”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा तपासलं.”

संचालकांनी तयार दाखला बाईंपुढे केला आणि वर पेन ठेवलं. पेन घरंगळत पट्टीपर्यंत गेलं. स्फोट त्याच्याकडे बघत राहिला. मग बाईंनी जे सांगितलं, त्यानंतर वेधशाळेत हा विषय कुणी काढला नाही.

“ते पेन एकदा, फक्त एकदा, तुझ्याकडे ओढून घे, मी सही करते आणि सूत्रही माझ्या हाताने खोडते.”