शिक्का मारलेला काटा

काटेसाहेबांच्या लाल स्पोर्ट्‌स गाडीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलत होता. घरातून निघताना अर्धी टाकी, डावीकडे वळलं की पाऊण, आणि चढ लागला की ठणठणगोपाळ. ज्या माणसानं चौतीस वर्षं वजनमापे खात्यात खोटे काटे पकडले आणि त्यापायी हे टोपणनाव कमावलं, त्याच्याच गाडीत ही चारशेवीस!

दोनच सीटची, जमिनीला चिकटलेली ही गाडी त्यांनी बायको गेल्यावर घेतली. लोक म्हणाले, म्हातारचळ. खरं म्हणजे चार खोल्यांचं घर त्यांना खायला उठायचं आणि गाडी सुरू केली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. घरात कुणीतरी आवाज करतंय असं वाटायचं, एवढंच. शेजारची सीट मात्र रिकामीच राहायची.

गॅरेजवाल्या मिस्त्रीनं त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं की बसकी गाडी म्हणजे टाकी चपटी, परातीतल्या पाण्यासारखं पेट्रोल इकडून तिकडे पळणारच, मनावर घेऊ नका. साहेबांनी घेतलं. पंधरा दिवस रोज गॅरेज गाठलं. तिथे निदान चार माणसं बोलायला असत, हेही होतंच. शेवटी मिस्त्री टेकीला आला. त्यानं काटा उघडला, फुंकर मारली, बंद केला आणि आता शंभर टक्के खरा झाल्याचं जाहीर केलं. साहेबांनी घरून शिक्के मारायची जुनी पक्कड आणली, तार ओवली आणि काट्याला शिशाचा शिक्का ठोकला. त्यांनी शिक्का मारलेल्या काट्यावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. मग ते स्वतः कशी घेणार?

आठवड्यानं मुलीचा फोन आला. चार वर्षं ती घरी फिरकली नव्हती. कामासाठी कुठेतरी जाताना तिला इथे रेल्वे बदलायची होती, मध्ये तीन तास होते, तेवढ्यात घरी येऊन जाईन म्हणाली. दर रविवारी फोनवर त्यांचं बोलणं ठरलेलं: जेवलात का, जेवलो, तब्येत बरी ना, बरी. मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसत. या तीन तासांत तिला एकदा सरळ विचारायचं, इथे बदली करून घेतेस का, असं साहेबांनी पक्कं केलं. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं.

स्टेशनवरून निघाल्यावर ती गाडी छान आहे म्हणाली. ते हो म्हणाले. एवढ्यावर बोलणं संपलं. पुढे लांबलचक चढ लागला, आणि काटा हळूहळू आडवा होत शून्यावर निजला. चढ संपताच साहेबांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं, बाबा?"

"पेट्रोल संपलं. आणखी चालवली तर तळाचा गाळ इंजिनात जाईल."

"भरलं कधी होतं?"

"परवा. पण काटा शून्यावर आहे म्हणजे शून्यच. माझा शिक्का आहे त्यावर. कुठेतरी गळालं असणार."

तिनं शिक्क्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. पंप सरळ सपाट रस्त्यानं किलोमीटरभर होता. साहेब खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरत दाराला खांदा लावून उभे राहिले, ती मागे गेली. दर वीस पावलांनी साहेबांना धाप लागायची. ते तिथेच टेकायचे, घाम पुसायचे आणि घड्याळ बघायचे. एक तास असाच गेला. जेवणाचा बेत बोंबलला होता.

मागचं माणूस दिसत नव्हतं, म्हणून असेल, साहेब रस्त्याकडे बघतच बोलायला लागले. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईला आपण उत्तरं देतो म्हणाले. परवा तर तिला "बसा" म्हटलं. आणि मग आरशासमोरचं सगळं विसरून ते म्हणाले,

"मला एकट्याला करमत नाही गं. फार वाईट वाटतं."

गाडी पुढे सरकत राहिली.

"मलाही नाही करमत," ती म्हणाली. "ओट्यापाशी उभ्यानंच जेवते मी. पान वाढून कुणासमोर बसू?"

मग ती बोलत सुटली. ऑफिसातलं, घरमालकिणीचं, आई गेल्यावर घरी यायची भीती वाटते त्याचं. पंप कधी आला ते दोघांनाही कळलं नाही.

पंपावरच्या बाईंनी नळी लावली आणि थोड्याच वेळात काढलीही.

"अहो आजोबा, निम्मी टाकी तर भरलेलीच होती की. ढकलत कशाला आणलीत?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. चार वर्षांनी मिळालेले तीन तास त्यांनी स्वतःच्या हातानं मातीत घातले होते. मुलीची रेल्वे सुटायला आता अर्धा तास उरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच ते म्हणाले, "माझं चुकलं."

"मला माहीत होतं, बाबा. पहिल्या धक्क्यालाच टाकीत खळखळ ऐकू आली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात."

पंपावरच्या बाई म्हणाल्या, आता किल्ली फिरवा आणि निघा, मागे रांग लागली आहे. साहेबांनी किल्लीला हात लावला, मुलीकडे बघितलं आणि हात काढून घेतला. मग दाराला खांदा लावला. घर अजून दोन किलोमीटर होतं. मुलगी घड्याळ न बघता मागे गेली आणि तिनं धक्का दिला.